दीड मायक्रोअँपिअरचा संसार

मनगटावरच्या साध्या, काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळाला चालायला किती वीज लागते? सरासरी दीड मायक्रोअँपिअर धरा. एका अँपिअरचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले दीड उचलायचे. सेल १.५५ व्होल्टचा. दोन्हींचा गुणाकार केला की सव्वादोन मायक्रोवॉटच्या थोडा वर आकडा येतो. आता घरातला ९ वॉटचा एक एलईडी दिवा घ्या. तो विझवून तेवढी वीज घड्याळांना वाटली, तर ३८ लाख घड्याळं चालतील. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांच्या वर माणसं होती. म्हणजे एका दिव्याच्या विजेवर तान्ह्या बाळांसकट अख्ख्या पुण्याची मनगटं चालवून उरलेली वीज पिंपरी-चिंचवडला देता येईल. एवढं करूनही माणसं मुंजीला वेळेवर येतील, याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

हा हिशेब मी घरात मोठ्या उत्साहाने ऐकवला. "मग बाथरूमचा दिवा घालवत जा की," एवढंच उत्तर आलं. मोठ्या शास्त्रीय सत्यांचं घरात असंच होतं.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. इतकं कमी खाणाऱ्या यंत्राचं खाणं मोजायचं कशाने? घड्याळदुरुस्तीचा छंद लागलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. हा छंद बहुधा डोळे अधू व्हायला लागले की लागतो. मग डोळ्याला आयग्लास लावून, श्वास रोखून, चिमट्याने स्क्रू धरायचा आणि तो उडाला की गुडघे टेकून फरशीवर शोधायचा. योगासनांच्या वर्गात इतके प्रकार होत नाहीत. शिवाय नातेवाइकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बंद पडलेलं घड्याळ टाकून द्यायचं नाही, हा मराठी घरांचा अलिखित नियम आहे. ते कपाटाच्या खणात, कुठल्या कुलपाच्या ते आता कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्यांच्या शेजारी, वर्षानुवर्षं पडून असतं. दुरुस्त करणारा घरातच निघाला की ते बाहेर येतं. मावशी रुमालात गुंडाळून घेऊन येतात आणि म्हणतात, "काही नाही रे, नुसता सेल गेला असेल. बघ जरा." हे त्यांचं निदान. मला फक्त अंमलबजावणी करायची असते.

नुसता सेल गेला आहे की आणखी काही, हे कळायला मीटर लागतो. बंद क्वार्ट्झ घड्याळाला विचारायचे प्रश्न तीनच. सेलमध्ये जीव आहे का? कॉइल अखंड आहे का? आणि घड्याळ खातंय किती? पहिल्याचं उत्तर व्होल्टमध्ये, दुसऱ्याचं ओहममध्ये, तिसऱ्याचं मायक्रोअँपिअरमध्ये. तिन्ही उत्तरं एकाच डबीतून मिळतात, फक्त डबी बरोबर निवडली पाहिजे.

चावीच्या घड्याळांना यातलं काहीच लागत नव्हतं. एचएमटी जनता कानाला लावलं की त्याची तब्येत कळायची. चावी देताना बोटांना जाणवायचं, बाकीचं डोळ्यांना दिसायचं. घड्याळवाल्याच्या टेबलावर वीज लागायची ती दिव्यापुरती. मग १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीने सेलवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. १९६० मध्ये बुलोव्हाचं अॅक्युट्रॉन आलं. त्याच्या पोटात सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा एक चिमुकला नादकाटा होता, त्यामुळे ते टिकटिक न करता गुणगुणायचं. नुसत्या कानाने आता भागणार नव्हतं. म्हणून बुलोव्हाने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी खास तपासणीचा मीटर काढला. माझ्या समजुतीप्रमाणे घड्याळवाल्याच्या टेबलावर मीटर मानाने येऊन बसला तो तेव्हापासून. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या छोट्या मोटारीएवढी.

आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, ती चावीची. पुढे १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारचं टिडको महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन उभी राहिली. तिने सुरुवातीपासून भर दिला तो क्वार्ट्झवर. गावोगावच्या घड्याळवाल्यांनी मग नाइलाजाने मीटर घेतला. ज्यांनी घेतला नाही त्यांनी "मशीनच बदलावं लागेल" हे वाक्य पाठ केलं. अजूनही बऱ्याच दुकानांत ते ऐकू येतं, आणि स्वस्त घड्याळात खरोखरच तेच परवडतं. पण मावशींचं घड्याळ स्वस्त नसतं. ते काकांनी घेऊन दिलेलं असतं.

अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच डबीत कोंबण्याची कल्पना मात्र घड्याळवाल्यांची नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांना टेलिफोनच्या तारा तपासताना तीन वेगवेगळी यंत्रं वागवावी लागत. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी एकच यंत्र बनवलं. १९२३ मध्ये ते बाजारात आलं ते 'अॅव्होमीटर' नावाने. कंटाळ्याने जगाचं भलं केल्याची अशी उदाहरणं मुलांना सांगितली पाहिजेत. आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या किंवा आयटीआयच्या प्रयोगशाळेत बसलेल्या पिढ्यांना आठवतो तो मोटवाने यांचा काट्याचा मीटर. नाशिकचा. हे घराणं मोठं गमतीचं. त्यांच्याच शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर काँग्रेसच्या अधिवेशनांत गांधीजींचा आवाज लोकांपर्यंत पोचवत, आणि १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानिक मोटवाने उषा मेहतांबरोबर आरोपींत होते. आवाज मोठा करणाऱ्या घराने पुढे अगदी बारीक वीज मोजायची यंत्रं केली. दोन्हींत लागतो तो कान एकच.

तर मीटर घ्यायला पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या दुकानांत जायचं. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात. दुकानदार विचारतो, "काका, कशासाठी पाहिजे?"

"घड्याळासाठी."

"भिंतीवरच्या?"

"मनगटावरच्या."

तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा माझ्या मनगटाकडे. मग काउंटरवर तीन मीटर मांडतो. एक पिवळाधमक, तळहातावर मावणारा. भारतातल्या प्रत्येक वायरमनच्या पिशवीत हा असतोच. दुसरा मध्यम अंगाचा, रबराच्या अंगरख्यातला. तिसरा परदेशी, गंभीर, आणि किंमत ऐकून आपणही गंभीर व्हावं असा.

"हा हजार व्होल्टपर्यंत जातो," तो पिवळ्यावर बोट ठेवून सांगतो.

"मला दीड व्होल्ट मोजायचेत."

"तेही मोजतो की! यात ट्रान्झिस्टरपण तपासता येतो. आणि ह्या दुसऱ्यात टेंपरेचर आहे."

घड्याळाला ताप आलेला नसतो, पण हे त्याला कसं सांगायचं? प्रत्येक मीटर जास्तीत जास्त किती मोजतो ते खोक्यावर ठळक छापलेलं असतं. आपल्याला हवं असतं कमीत कमी किती मोजतो ते, आणि ते आतल्या घडीच्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात असतं. सुदैवाने आयग्लास खिशात असतो.

त्या कागदावर 'अचूकता: ०.५ टक्के अधिक-उणे २ अंक' असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. अर्धा टक्का ऐकायला फार बरं वाटतं. पण घड्याळाच्या जगात अर्धा टक्का म्हणजे काय, हे करून पाहण्यासारखं गणित आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांचा अर्धा टक्का ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटं बारा सेकंद. आपलं घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडू लागलं, तर आपण ते घड्याळवाल्याच्या टेबलावर आपटू. बरं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद इकडे-तिकडे होतं. म्हणजे तपासणारा मीटर तपासल्या जाणाऱ्या घड्याळापेक्षा आठशे पटींहून अधिक ढिला. आणि तरीही त्याने काम चालतं! कारण मीटरला वेळ विचारायची नसते. सेलमध्ये दम आहे की नाही, एवढंच विचारायचं असतं, आणि तेवढं सांगायला अर्धा टक्का पुष्कळ झाला.

सिल्व्हर ऑक्साइडचा सेल मोठा करारी असतो. बहुतेक आयुष्य तो १.५५ व्होल्टवर ठाम उभा राहतो आणि शेवट आला की झपाट्याने खाली येतो. म्हणून त्याच्याबाबतीत १.५५ आणि १.४५ यांतला फरक कळला पाहिजे. मीटरची कळ २० व्होल्टच्या रेंजवर ठेवली तर पडद्यावर फक्त दोनच दशांश स्थळं येतात, आणि शेवटचा अंक दोनाने पुढे-मागे हलण्याची मुभा कारखान्याने आधीच घेऊन ठेवलेली. तीच कळ २ व्होल्टच्या रेंजवर आणली की तोच मीटर, त्याच पैशात, एकदम शहाणा होतो. अल्कलाइन सेलचं वागणं वेगळं. त्याचा व्होल्ट पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. त्यामुळे दीड व्होल्टचा आकडा वाचताना समोर कुठल्या जातीचा सेल आहे, हेही बघावं लागतं. अल्कलाइनला दीड म्हणजे तब्येत ठणठणीत. सिल्व्हर ऑक्साइडला दीड म्हणजे नातेवाइकांना कळवायला हरकत नाही. शिवाय सेल मोकळा असताना आकडा चांगला दाखवतो आणि कामाला लावला की बसतो, म्हणून थोडा भार देऊनच त्याची परीक्षा घ्यायची. काही घड्याळं तर मीटरचीही वाट पाहत नाहीत. सेल संपत आला की त्यांचा सेकंद काटा एकेका सेकंदाऐवजी दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो. घरचे घाबरतात, "याला काहीतरी झालंय" म्हणतात. त्याला काही झालेलं नसतं. ते फक्त जेवायला मागत असतं.

दुसरा प्रश्न काटे हलवणाऱ्या मोटरच्या कॉइलचा. केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि त्यांचा रोध साधारण एक ते तीन हजार ओहम. इथे मीटरच्या 'पीं' वाजणाऱ्या सोयीने अनेक निरपराध कॉइलींचा बळी घेतलेला आहे. वायरमनच्या शिकवणीत 'पीं' वाजलं की तार अखंड आणि नाही वाजलं की तुटलेली. पण तो 'पीं' काही दहा ओहमांच्या आतच वाजतो. दोन हजार ओहमांची तंदुरुस्त कॉइल त्याच्यापुढे मुकाट बसते आणि वायरमन तिला मृत घोषित करतो. म्हणून 'पीं'ची कळ विसरायची आणि ओहमचा आकडाच वाचायचा. तोही नुसत्या हाताने प्रोब दाबून धरून नव्हे. कारण कॉइल खरंच तुटलेली असेल आणि दोन्ही प्रोबांची टोकं आपल्या बोटांना लागलेली असतील, तर मीटर प्रामाणिकपणे आपलाच रोध सांगतो. सुक्या हाताचा तो काही लाख ओहम भरतो. पावसाळ्यात, घामेजल्या हाताने, बराच कमी. कॉइलचा म्हणून वहीत टिपलेला आकडा दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगाचा निघावा, यात एक अद्वैत आहे, पण घड्याळ त्याने चालत नाही.

तिसरा प्रश्न खाण्याचा. खरी गोम इथे आहे, आणि मीटरची निवडही इथेच ठरते.

करंट मोजायचा तर मीटर सेल आणि घड्याळ यांच्या मध्ये बसवावा लागतो. वीज आधी मीटरमधून जाणार, मग घड्याळात. मीटरच्या पोटात एक रोधक असतो आणि त्याच्यावर किती व्होल्ट पडतात यावरून तो करंट सांगतो. जे व्होल्ट मीटरने ठेवून घेतले, ते घड्याळाला मिळाले नाहीत. मोटारीला किंवा दिव्याला याने काही फरक पडत नाही. पण मनगटी घड्याळाचा संसार दीड मायक्रोअँपिअरचा. घर किती काटकसरीने चालतं हे बघायला पाहुणा यावा, मुक्काम ठोकावा, आणि त्याच्याच जेवणापायी घरची चूल बंद पडावी, तसं होतं. मग पाहुण्याने जाऊन चार लोकांत सांगायचं की त्या घरात काही शिजतच नाही हो!

आकड्यांतच पाहा. पुष्कळ मीटरांच्या २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर पोटातला रोधक हजार ओहमांचा असतो. सरासरी दीड मायक्रोअँपिअरला तो दीड मिलिव्होल्ट घेतो. हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण घड्याळ सरासरीने खात नाही, घासाघासाने खातं. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट त्या संख्येचे पंधरा वेळा निम्मे-निम्मे करत सेकंदाला एक ठोका काढतं, आणि त्या ठोक्याला काही हजारांश सेकंदांपुरता कॉइलला झटका देतं. त्या क्षणी दोन हजार ओहमांची कॉइल, तिच्या वाटेत मीटरचे हजार ओहम. १.५५ व्होल्टमधला अर्धा व्होल्ट मीटरच खातो. घड्याळाला उरतो एकाच्या आसपास. तेवढ्यावर काटा हलायला बहुतेक मशीनं तयार नसतात. घड्याळ थांबतं. आणि दुरुस्ती करणारा निष्कर्ष काढतो की घड्याळ बिघडलेलं आहे.

पिवळ्या मीटरची अडचण आणखी आधी सुरू होते. अशा कितीतरी मीटरांवर करंटची सगळ्यात खालची रेंजच २००० मायक्रोअँपिअरची असते. तिथे सगळ्यात लहान पायरी एक मायक्रोअँपिअरची. दीड मोजायचंय आणि पट्टीवर खुणा एक, दोन, तीन. त्यात शेवटच्या अंकाला डुलण्याची मुभा. जुना काट्याचा मीटर याहून बिचारा. त्याचा काटा शेवटपर्यंत जायलाच पन्नास मायक्रोअँपिअर लागतात, तेव्हा दीडला तो जागच्या जागी जरासा अंग मोडतो. गंभीर, परदेशी मीटरांत मायक्रोअँपिअरची चांगली रेंज असते आणि पोटातला रोधक शंभर ओहमांइतका लहान असू शकतो. पण ती रेंज घड्याळवाल्यांची आठवण ठेवून दिलेली नाही. अमेरिकेत घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीत ज्योत पेटली आहे की नाही, हे सांगणारा करंट असाच काही मायक्रोअँपिअरचा असतो. फ्लूकचा ११६ हा मीटर त्या दुरुस्तीवाल्यांसाठी. थंडी त्यांची, सोय आपली!

स्वित्झर्लंडमध्ये विट्शी कंपनी फक्त घड्याळं तपासायची यंत्रं बनवते. घड्याळ त्यावर ठेवलं की खाणं, रोध, महिन्याची चूक, सगळं समोर येतं. ते ज्याच्या टेबलावर आहे त्याने हा लेख वाचायची गरज नाही. ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर डेव्हिड जोन्स यांनी मीटरच्या या खादाडपणालाच वैतागून २००९ मध्ये 'मायक्रोकरंट' नावाची एक छोटी डबी तयार केली. ती साध्या मीटरला जोडली की मीटर अगदी थोडक्यात भागवायला शिकतो. पण आपल्या छंदाला तेवढंही लागत नाही. बुधवार पेठेतच, त्याच दुकानात, दोन वस्तू मिळतात. दहा हजार ओहमांचा एक टक्केवाला रोधक, ज्याच्या अंगावर तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी असे पट्टे असतात. आणि शंभर मायक्रोफॅरडचा चांगल्या प्रतीचा कपॅसिटर. दोन्ही मिळून किंमत इतकी किरकोळ की दुकानदार पिशवी देत नाही.

जोडणी अशी. सेल, त्याच्यापुढे तो रोधक, मग घड्याळ, आणि घड्याळाच्या दोन टोकांना समांतर कपॅसिटर. त्याच्या धन-ऋण खुणा बघून लावायचा. घड्याळाला झटक्यापुरता जो मोठा घास लागतो, तो कपॅसिटर जवळच्या जवळ पुरवतो आणि मधल्या वेळात सेलकडून सावकाश भरून घेतो. त्यामुळे रोधकातून वाहते ती बरीच संथ, शांत वीज. मीटरची कळ मायक्रोअँपिअरवर न ठेवता २०० मिलिव्होल्टवर ठेवायची आणि रोधकाच्या दोन टोकांना प्रोब लावायचे. दर दहा मिलिव्होल्टला एक मायक्रोअँपिअर. पंधरा दिसले की दीड. आता पिवळा मीटरसुद्धा मायक्रोअँपिअरचा शंभरावा भाग दाखवायला लागतो, आणि घड्याळाच्या वाट्याचे जेमतेम पंधरा मिलिव्होल्ट जातात, म्हणजे साधारण एक टक्का. एवढं बघावं की कपॅसिटर स्वतःही थोडा गळतो. म्हणून तो आधी घड्याळाशिवाय जोडून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून, त्याची गळती वजा करायची.

हा आकडा हाती आला की घड्याळ बोलायला लागतं. चावी बाहेर ओढून मोजलं तर बहुतेक मशीनांत काट्यांचे झटके थांबतात आणि नुसत्या सर्किटचं खाणं कळतं. चावी आत ढकलली की त्यात मोटरचं मिळतं. नुसतं सर्किटच जास्त खात असेल तर आत कुठेतरी ओल किंवा मळ आहे, वीज आडवाटेने जाते आहे. सर्किट शहाणं आणि एकूण खाणं मात्र चढं असेल, तर चाकं जड फिरताहेत, तेल सुकलंय. बऱ्याच नव्या मशीनांत काटा एका झटक्याने हलला नाही तर सर्किट लगेच मोठा झटका देतं. त्यामुळे घड्याळ वेळ बरोबर दाखवत राहतं, पण सेल भराभर संपतो. छोट्या सेलात साधारण २६ मिलिअँपिअर-तास असतात. दीड मायक्रोअँपिअरने तो दोन वर्षं जातो, पाचने सात महिने. "नवीन सेल टाकला तरी वर्षभरसुद्धा टिकत नाही" ही मावशींची तक्रार आणि पडद्यावरचा पाचाचा आकडा, दोन्ही एकच गोष्ट सांगत असतात. मावशींनी ती मीटरशिवाय सांगितलेली असते, एवढाच फरक. यावर सेल बदलणं हा उपाय नव्हे. मशीन उघडून, धुऊन, तेल घालणं हा उपाय.

एवढं सगळं करताना एक मोह मात्र टाळायला हवा, तो जास्तीच्या दशांशांचा. पडद्यावर १.५२ आला की १.५१८ बघावासा वाटतो. मग अधिक अंकांचा मीटर हवासा होतो, मग तो मीटर बरोबर आहे का हे बघणारा दुसरा मीटर. या रस्त्याला शेवट नाही, आणि रस्त्यात दुकानं फार आहेत. घड्याळाचं खाणं १.५ आहे की १.७, याने माझ्या कृतीत काडीचा फरक पडणार नाही. १.५ आहे की ५, याने पडेल. उत्तर कळल्यावर मी काय वेगळं करणार आहे, हे आधी ठरवलं की किती अचूक मीटर लागेल तेही आपोआप ठरतं. हे मीटरपुरतंच खरं आहे असं नाही. पण निबंध घड्याळाचा आहे, म्हणून मोह आवरतो.

तेव्हा ज्यांना या नादाला लागायचंय त्यांना माझा सल्ला असा. सगळ्यात महागही नको आणि पिवळाधमकही नको, मधला घ्या. व्होल्टच्या रेंजवर त्याचा आतला रोध दहा मेगाओहम असावा, २०० मिलिव्होल्टची रेंज असावी आणि प्रोबची टोकं सुईसारखी बारीक असावीत, कारण घड्याळात जागा कमी आणि कॉइलची तार रागीट. मायक्रोअँपिअरची बारीक रेंज असली तर उत्तम, नसली तर पट्टेरी रोधक आहेच. हजार व्होल्ट, ट्रान्झिस्टर, तापमान यांच्याकडे कौतुकाने बघा आणि पुढे चला. आणि दुसऱ्यांचे सेल तपासायला बसण्याआधी मीटरच्या स्वतःच्या पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी नवी टाका. ती उतरली की पुष्कळ स्वस्त मीटर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, आणि मेलेला सेलही त्यांना १.५५ व्होल्टचा, अगदी धडधाकट दिसतो.